शांत झालेल्या पेशी

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी मॅडम दोन्ही हातांना स्पिरिट चोळायच्या आणि म्हणायच्या, "बघू, आज चिडल्यात का शांत हायत."

चिडायच्या त्या रक्तवाहिनीच्या पेशी. सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या बाळाच्या नाळेतून काढून वाढवल्या जात. नाळ आणायला मॅडम स्वतः प्रसूतिगृहात जायच्या, बाळंतिणीला नीट समजावून, विचारून. मी त्यांचा संशोधक विद्यार्थी.

त्या मूळच्या मंद्रूपच्या. वर्गात प्रमाण मराठी, प्रयोगशाळेत गावची बोली. नव्या मुलांना सांगायच्या, "सूज वाईट न्हाय. जखम झाली की ती यायलाच पायजे. ती थांबत न्हाय, तवा घात हाय." मग फळ्यावर पेशी काढायच्या. बाहेरून धोक्याचा निरोप येतो, आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातो आणि पेशीच्या केंद्रात पोचतो. मग पेशीचा पृष्ठभाग चिकट होतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं येऊन चिकटतात. हा निरोप वाटेत कुठं अडवता येईल, हे शोधणं आमचं काम.

त्यांची धाकटी बहीण शुक्रवार पेठेत त्यांच्याकडेच राहायची. तिचा आजार हाच होता. रक्तवाहिन्यांची सूज उतरत नव्हती. रक्त पोचेना म्हणून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली होती; थंडीत उरलेली बोटंही गार पडून दुखायची. मी घरी गेलो की विचारायची, "अक्काचं औषध कुटवर आलं?"

गावाकडं सुजेवर वापरतात अशा एका रानझाडाच्या सालीचा अर्क आम्ही तपासत होतो. मुद्दाम चिडवलेल्या पेशींवर तो टाकून एके दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यांना चिकटलेल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. प्रकल्पाची मुदतवाढ याच निकालावर अडली होती. मी पेढे आणायला निघालो.

"थांब की," मॅडम म्हणाल्या. "जित्या हायत का त्या?"

"कमी मात्रेला तपासलंय, मॅडम."

"आन् ह्या मात्रेला?"

त्यांनी निळा रंग टाकला. मेलेली पेशी तो शोषून घेते. बघता बघता काचेखाली सगळं निळं झालं.

"मेल्यावर कोण चिडतंय?" एवढंच बोलल्या आणि खुर्चीत बसल्या.

विभागप्रमुख म्हणाले, "मुदतवाढ मिळेपर्यंत गप्प राहा."

"आन् तवर कुणी ही साल उकळून प्यालं तर?" मॅडमनी त्याच दिवशी अनुदान देणाऱ्या संस्थेला निकाल कळवून टाकला. प्रकल्प बंद झाला.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. बहिणीनं नेहमीचं विचारलं. मी मॅडमकडं पाहिलं.

"न्हाय जमलं गं," त्या म्हणाल्या. "पेशी मरत्यात त्यानं."

बहीण ताटं घ्यायला उठली. मग म्हणाली, "बरं झालं, आदी काचेवर बगितलंस. आता हातपाय धू, जेवायला वाढते."

पुढं मॅडम निवृत्त झाल्या आणि बहिणीला घेऊन मंद्रूपला गेल्या. परवा थंडीत तिथल्या आठवडी बाजारात त्या मला लांबून दिसल्या. बहिणीचा उजवा हात त्यांनी आपल्या स्वेटरच्या खिशात घट्ट धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं वांगी निवडत होत्या.