दोनदा तुटलेला सांधा

"मॅडम, तुमचं वेल्डिंग परत तुटलं! पुन्हा तुटलं तर माझी कामं दुसऱ्या लॅबला जातील."

फोन दातांच्या डॉक्टरांचा. कोल्हापुरातल्या माझ्या डेंटल लॅबची निम्मी कामं त्यांचीच.

तुटलं होतं पार्शल डेन्चर, म्हणजे काढता-घालता येणारी अर्धी कवळी. आत धातूचा पातळ सांगाडा, त्यावर दात. पेशंट कबनूरचे दस्तगीरमामा, यंत्रमागावर काम करणारे. त्यांचे पुढचे दोन दात नंतर पडले, म्हणून जुन्याच सांगाड्याला मी नवा तुकडा लेझरनं जोडला होता. लेझर धातू वितळवून दोन्ही तुकडे एकजीव करतो. पहिल्यांदा सांधा तुटला तेव्हा वाटलं, आत बुडबुडा राहिला असेल. मग दोन्ही बाजूंनी वेल्ड केला. तरी तिथंच तुटला! माझं डोकंच फिरलं.

"पेशंटलाच लॅबमध्ये पाठवा," मी म्हटलं.

मामा आले. मी समोरच सांधा जोडून दिला. त्यांनी कवळी तोंडात बसवली.

"मामा, हाडं चावता का?"

"न्हाय वो ताई."

"ऊस?"

"ऊस सोडून लई वर्सं झाली."

बोलता बोलता बाहीचा लोंबता दोरा त्यांनी पुढच्या दातांत धरला आणि हिसडा मारला. कट्! दोरा तुटला.

"अहो मामा! हे काय?"

"काय झालं? मागावर धागा तुटला की गाठ मारायची, शेपूट दातानं तोडायची. दिसभर हेच की."

"कात्री घ्या ना!"

"कात्री हुडकंस्तोवर माग बंद पडतोय. आन् तोडायचं न्हाय, तर दात बसवलं कशाला?"

मी कपाळावर हात मारला. तार एकदा वाकवून तुटत नाही, रोज वाकवली की तुटते. सांध्याचं तेच होत होतं. मी जोडलेली कवळी परत काढून घेतली. डॉक्टरांना कळवून नवीन माप मागवलं आणि अख्खा सांगाडा एकसंध ओतला, पुढं जरा जाड. सांधाच ठेवला नाही. कात्री गळ्यात अडकवायची शपथ मामांकडून घेतली ती वेगळीच.

काही महिन्यांनी डॉक्टरांचा फोन. "परत तुटलं?" मी आधीच विचारलं.

"सांगाडा शाबूत आहे. कामं तुमच्याकडेच राहतील."

"आणि कात्री?"

"कसली कात्री? आता मामा बाजूच्या खऱ्या दातानं दोरा तोडतात. त्याला खाच पडलीय."

आता लॅबच्या फॉर्मवर दात कुठला याच्या आधी मी पेशंटचा धंदा कुठला ते विचारते.