पुढची जोडी

युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातली एक जीप आमच्या मुरबाडच्या दवाखान्याला मिळाली आणि तिच्यासाठी हा ड्रायव्हर आला. बैलगाडी हाकण्यात अर्धा जन्म गेलेला माणूस! पुढच्या चाकांनाही जोर देणारा एक वेगळा दांडा जीपला होता. चिखलात शिरण्याआधीच तो ओढायचा, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत त्याला सांगितलं. पण हा आधी खुशाल रुतायचा, खाली उतरून चाकांकडे बघत बिडी ओढायचा आणि मग दांडा. तोवर गाडी पोटापर्यंत खाली! टोकावड्याकडच्या पाड्यांवर देवी टोचायला पोचेपर्यंत माणसं वाट बघून रानात गेलेली असायची.

"अहो, आधीच का नाही ओढत?"

"गाडी रुतल्याबिगर दुसरी बैलजोडी कोन जुंपतो, सायब? उगाच दमवायची?"

एकदा वैतागून चिखलाआधी मीच दांडा ओढला. जीप सरळ पार झाली. मी ऐटीत त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आंब्याखाली गाडी थांबवली, बॉनेटवरून हात फिरवला आणि सावलीत बसून बिडी पेटवली.

"आता काय झालं?"

"पुढची जोडी दमली. जरा इसावा घेऊ द्या तिला."

आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा माणसं रानात गेली होती.