वाटीतल्या मोबाईलवर दिलेला निकाल

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. यजमानांना नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्या माझ्या धाकट्या भावाला तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटले होते — तसेही नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कबुली द्यायची सोडून धडाच समजावू लागले. सवय आहे. लातूरच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवले. तेव्हा धडा आधी होऊनच जाऊ द्या. त्याच्याशिवाय माझा अपराध तुम्हाला नीट दिसायचाही नाही.

एखाद्या स्पीकरचा आवाज कसा आहे हे दाखवणारा व्हिडिओ तुम्ही ऑनलाइन पाहता, तेव्हा नेमके काय ऐकता? तो स्पीकर? नाही. त्याचा आवाज आधी कुणाच्या तरी खोलीच्या भिंतींवर आपटतो. मग मोबाईलच्या टिचभर मायक्रोफोनमध्ये शिरतो. इंटरनेटवर चढताना त्यातले बारकावे छाटले जातात, आणि उरलेले तुमच्या मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरमधून बाहेर पडते. स्पीकर उंची असो की जत्रेतला कर्णा, तुमच्या कानावर पडतो तो तुमचाच मोबाईल. हे मला ठाऊक होते — वर्गात कुणी विचारले असते तर फळ्यावर आकृती काढून समजावले असते. एवढे लक्षात ठेवा. मला कळत नव्हते, असे मला म्हणता येणार नाही.

माझा भाऊ दिगंबर नांदेडला असतो, विष्णुपुरीच्या बाजूला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने घरी स्पीकर बनवायला घेतले. त्याला सारंगीचे वेड. वाजवता कधी आली नाही; पण ऐकायची तर समोर बसून वाजवल्यासारखी, हा त्याचा हट्ट. परदेशी स्पीकरांचे व्हिडिओ तो तासन् तास पाही, मला पाठवी. शेवटी सागवानाच्या दोन पेट्या करून घेतल्या, आत मोठे-छोटे स्पीकर बसवले, जोडण्या स्वतः केल्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो त्यांच्यासमोर बसायचा. ते त्याला मनापासून आवडले होते. हे मी आवर्जून लिहिते आहे — माझ्याकडे काही येण्याआधी ते त्याला आवडले होते.

मग त्याने त्यांचा व्हिडिओ करून यूट्यूबवर चढवला, आणि मला फोन केला.

"अक्का, तू सायन्सवाली. तुझा कान पक्का. ऐक अन् सांग, कुठं काय कमी हाय."

मी कसा ऐकला सांगू? ओट्यावर, स्टीलच्या वाटीत मोबाईल उभा करून, आवाज मोठा यावा म्हणून. शेजारी कुकर होता. अर्धे मिनिट ऐकला असेल, नसेल. आणि उत्तर लिहिले — मुद्देसूद, शुद्धलेखनाच्या चुका न करता — की एकंदर प्रयत्न उत्तम. मात्र वरचे स्वर दबलेले वाटतात, सारंगी पडद्यामागून आल्यासारखी भासते.

का लिहिले? मला खरोखर काही ऐकू आले होते का? नाही. कुकरची शिट्टी तेवढी आली होती.

इथे आमच्या पेशातली एक गोष्ट सांगायला हवी. बोर्डाचे पेपर तपासताना पैकीच्या पैकी गुण द्यायला आमचा हात धजत नाही. असा पेपर नियामक हमखास पुन्हा उघडतात आणि विचारतात, बाई, वाचला ना नीट? म्हणून चांगल्या उत्तरातही कुठेतरी अर्धा गुण कापायचा, लाल रेघ ओढायची. म्हणजे तपासल्याचा पुरावा राहतो. आमच्या लातुरात अर्धा गुण गेला की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, हे ठाऊक असूनही आम्ही तो कापत आलो. भावाच्या सारंगीचा अर्धा गुण मी तसाच कापला. "या व्हिडिओवरून मला काहीही सांगता येणार नाही" — एवढे एक वाक्य पुरले असते. पण मग सायन्सवाली अक्का कशाची?

त्याने लगेच मान्य केले, असे नाही. दोन-तीनदा फोन आला. "मला तर बरं वाटून राहिलं, अक्का. गोड वाटून राहिलं." मी शांतपणे समजावले की स्वतः केलेल्या वस्तूबद्दल माणसाचा कान पक्षपाती असतो. वाक्य खरे आहे. चीड येते ती त्याचीच — वापरलेले प्रत्येक वाक्य खरे होते.

त्याने पेट्या उघडल्या. वरचे स्वर देणाऱ्या छोट्या स्पीकरला आवर घालणारा रेझिस्टर असतो, तो बदलून हलका घातला. आवर सुटला. मग दुसरा व्हिडिओ आला, नाव दिलेले — दुरुस्तीनंतर. मी पुन्हा वाटीत मोबाईल ठेवला, सुरुवात ऐकली, आणि लिहिले: आता पडदा दूर झाला. सारंगी मोकळी झाली.

"बघ!" फोनवर तो ओरडलाच. "मला तर पहिलंच गोड वाटत व्हतं, चांगला फरक कळंना गेल्ता. तुला तिकडं लातुरात बसून कळला! माझा कान गेला, अक्का. आता तू म्हणशील तसं."

त्या आनंदाने मी अस्वस्थ झाले. म्हणून एका दुपारी चांगले हेडफोन लावले, आणि दोन्ही व्हिडिओ पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकले. पहिल्यात मध्येच माझी भावजय सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, दूध उतू चाललंय, जाऊ द्या ती सारंगी!" — आणि भांडे आपटते. मला हसू आले. दुसरा लावला. सारंगी त्याच जागी आली, सुनंदा त्याच जागी ओरडली, भांडे त्याच जागी आपटले.

दिगंबरने चुकून जुनाच व्हिडिओ दुसऱ्या नावाने चढवला होता. बदललेले स्पीकर मी ऐकलेच नव्हते.

आता सांगा, हे कळल्यावर फोन करायला किती वेळ लागतो? मोबाईल हातातच होता. मी हेडफोन गुंडाळून ठेवले आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

पुढे भाचीच्या डोहाळजेवणाला नांदेडला गेले. बायका जमल्या होत्या, ओटी भरून झाली होती. दिगंबरने मला हाताला धरून त्या पेट्यांसमोर बसवले आणि सारंगी लावली. तुम्ही कधी पाटीवर खडू करकरताना ऐकला आहे? स्वर येण्याआधी तारांवरचे गजाचे घासणे कानात घुसत होते. स्वर मागे, बारीक, उपऱ्यासारखा. कोपऱ्यातली एक म्हातारी पदर कानावर घेऊन बसली.

"मी म्हणून राहिले कवापासून, कान टोचतात," सुनंदा म्हणाली. "पण अक्कांनी पास केलंय म्हणे. आता बोर्डाच्या वर कोण जाणार, बाई?"

सगळ्या हसल्या. दिगंबर हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता — पेपर हातात पडण्याआधी मुले पाहतात तसा. "अक्का, बरोबर हाय ना आता?"

समोर बसून, स्वतःच्या कानांनी, मध्ये ना मोबाईल ना इंटरनेट — आयुष्यात पहिल्यांदा मी ते स्पीकर ऐकत होते. ते बिघडले होते. मी बिघडवले होते.

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

आणखीही काही म्हणाले. सवय व्हावी लागते, असे म्हणाले. सुनंदाकडे पाहून, गोड आवाज म्हणजे शुद्ध आवाज नव्हे, असेही म्हणाले. ती गप्प झाली, आणि मला बरे वाटले — हेही लिहून टाकते.

निघताना ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. सकाळी ते आता ऐकत नाहीत, असे म्हणाली. लावतात, जरा वेळ बसतात, अन् उठून पेपर वाचतात. विचारले तर म्हणतात, माझ्याच कानात दोष हाय. तिने तक्रार केली नाही. मी रिक्षात बसले आणि तिला आत जायला सांगितले, ऊन लागेल म्हणून.

आता तो दुसरी जोडी करतो आहे, लेकीच्या घरासाठी; बाळाच्या कानावर चांगले संगीत पडावे म्हणून. मागच्या आठवड्यात फोन आला. जुना रेझिस्टर त्याच्याजवळ अजून आहे. "अक्का, एक डाव तो लावून बघू का? उगी आपलं मन म्हणून राहिलं."

इतके सोपे करून त्याने माझ्या हातात दिले होते. हो म्हणायचे होते, बस. कारणही सांगावे लागले नसते. पण हो म्हटले असते तर त्याने लावून पाहिले असते, आणि त्याला कळले असते.

"नको," मी म्हणाले. "पहिल्या जोडीत आता आहे तसेच कर."

"हाव," तो म्हणाला, आणि लेकीची तब्येत कशी आहे ते सांगू लागला.