बंद मशीनचा हार

"तू मागं हो. नाल्याचा वास येतोय तुझ्या अंगाला. प्रसादाला हात लावू नको."

दसऱ्याची पूजा होती. अंबरनाथची केमिकल कंपनी. मी तिथली झाडूवाली, ठेकेदाराकडची बाई. प्लँटचे साहेब नाकाला रुमाल लावून बोलले, सगळ्या स्टाफसमोर. ऑफिसातल्या मॅडम हसल्या. माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट कुणीतरी काढून घेतलं.

सकाळी दोनदा आंघोळ केली होती मी. धुतलेली साडी, डोक्यात गजरा. पण आमची वस्ती कंपनीमागच्या नाल्यावर. वाळत घातलेल्या कपड्यांना तोच वास, उशीलाही तोच. शाळेत माझ्या पोरीच्या बाकावर कुणी बसत नाही. आणि नाल्यात ते पाणी येतं कुठून? याच कंपनीच्या पाइपातून. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

पूजा एकेका मशीनपाशी सरकत गेली. कुंकू, झेंडूचा हार, नारळ. शेवटी मागच्या शेडमधलं मशीन राहिलं, घाण पाणी साफ करायचं. लाइटबिल वाढतं म्हणून ते बंदच असतं. तपासणीवाले येणार असले की तेवढ्यापुरतं चालू. पण दसऱ्याचा हार कधी चुकत नाही. देवालाही फसवतात मेले.

त्या शेडमध्ये जायला कुणी तयार नव्हतं.

"तिथली पूजा हिलाच करू दे," साहेब म्हणाले. "हिला सवय आहे."

परत सगळे हसले.

हार घेऊन गेले मी. गेल्या दसऱ्याच्या हाराचा दोरा तसाच लटकत होता. खाली मशीनवर धुळीचा थर. तळपायाची आग मस्तकात गेली. मागं वळले. साहेब आणि बाकीचे शेडच्या दाराबाहेरच उभे होते, त्यांना बोलले.

"आधी चालू करा. बंद मशीनला मी हार घालणार नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मशीनचं नाही कळत. वासाचं कळतं. हा वास तुमचा आहे साहेब. पाइपातून माझ्या घरी येतो."

या वेळी कुणी हसलं नाही. ठेकेदारानं दंडाला धरून गेटबाहेर काढलं. "उद्यापासून येऊ नको." गेटवर रडले मी, खोटं कशाला बोलू.

हार हातातच राहिला होता. घरी खिळ्याला टांगलाय. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, नगरपालिकेला सांगून नाला साफ करून घेऊ. मी म्हटलं, किती वेळा करणार? जिथून घाण निघते तिथंच चला.

आता रोज सकाळी आम्ही कंपनीच्या गेटवर बसतो. शेडमधून मशीनचा आवाज येईपर्यंत बसणार, आणि आला तरी तो बंद पडत नाही ना ते ऐकत बसणार. साहेबांची गाडी येते. काच वर जाते, रुमाल नाकाला लागतो. मी उठत नाही. थोडी अजून पुढं सरकून बसते.