मावशीचं व्यसन कुणी मानेना

आमच्या ईट गावच्या जगदेवीमावशीला कुणीतरी व्यसनी म्हणावं एवढीच तिची मागणी होती, आणि तेवढंही कुणी करेना.

काका गेले तेव्हा कळंबच्या डॉक्टरांनी तिला पंधरा दिवसांपुरती झोपेची गोळी लिहून दिली होती. त्याला आता सहा वर्षं झाली. गोळी चुकली की हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबराघुबरा होतो. घेतली तर दिवसाही डोळे मिटतात. दिवाळीत तान्ही नात समृद्धी मांडीवर असताना मावशीला डुलकी लागली आणि पोर चुलीपाशी लोळत गेली. सुनेनं, शिवांजलीनं, वेळेवर उचललं म्हणून बरं. तेव्हापासून ती लेकरू सासूच्या हाती देत नाही. तिचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

गोळी सोडायची म्हणून मावशीला मी त्याच डॉक्टरांकडं नेलं.

"व्यसन दारूचं असतं, मावशी. ही ट्रीटमेंट आहे," ते म्हणाले. टेबलावरचं कॅलेंडर गोळीच्या कंपनीचं. चिठ्ठीही पुन्हा तीच.

माझं डोकं फिरलं. तसाच तिला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना? मग ते आमच्यात बसत नाही. मोबाईलचं व्यसन असेल तर सांगा, नवीन पॅकेज आलंय."

कपाळावर हात मारून घेतला, दुसरं काय करणार!

त्याच केंद्रातून मावशीचा दीर धुळाप्पा परवा दारू सोडून घरी आला. वहिनीच्या पाया पडला आणि औषधाची पिशवी तिच्यापुढं उघडली. आत मावशीचीच गोळी.

"ही कशाला दिली, भावजी?"

"दारू सोडताना हात कापत्यात म्हणून. पर केंद्रातल्या डॉक्टरनं बजावलंय वैनी, दहा दिसाच्या वर एक बी न्हाय. लई सवय लागती म्हणं हिची. 'तुमी व्यसनी माणसं,' म्हणाले, 'तुमाला जपूनच द्यावी लागती.'"

मावशीनं ते गोळ्यांचं पाकीट परत पिशवीत ठेवलं.

"म्या बी दारू पिली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

तेवढ्यात समृद्धी रांगत आली आणि तिच्या लुगड्याला धरून उभी राहू लागली. मावशीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि आत हाक मारली, "शिवांजली, लेकराला घिऊन जा गं."