कानामागचं बोट

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत एरवी देवधर्म फारसं कोणी करत नाही, पण प्रयोगाच्या दिवशी सगळेच भाविक होतात. नटराजापुढे नारळ फुटतो, त्याचं पाणी दिग्दर्शक स्वतः विंगेत शिंपडतात. एक वकीलसाहेब प्रत्येक प्रयोगाला तेच फाटकं बनियान आत घालतात आणि बायकोला ते बदलू देत नाहीत. सगळे त्यांना हसायचे. मी मात्र हसत नसे, कारण अशाच एका श्रद्धेतला देव मी स्वतः होते.

माझी मैत्रीण आणि मी एकाच वर्षी संस्थेत आलो. तिच्या पहिल्या प्रयोगाला मी गंमत म्हणून रंगाच्या डबीत बोट बुडवलं आणि लहान मुलांना काजळ लावतात तसं तिच्या कानामागे टेकवलं. त्या दिवशी तिला टाळ्या पडल्या. तेव्हापासून रंगपटात ती माझ्यापुढे मान वाकवून बसायची. "लाव वं लवकर. तुझा हात लागल्याशिवाय मले उभंच राहता येत नाही." मी लावायची. तिला दृष्ट लागू नये म्हणून बोट लावणारी मी, आणि तिच्यावर दृष्ट होती तीही माझीच, हे तिला कुठून कळणार?

नायिका तीच व्हायची. मी एकदा दिग्दर्शकांना भीतभीत विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज शेजारणीचा आहे. ते काही वाईट नाही, शेजारीण लागतेच." मी शेजारीण होत राहिले. तिची सगळी वाक्यं मला पाठ असायची. घरी पोळ्या लाटताना मी ती म्हणायची, आणि मुलगा आला की गप्प व्हायची.

मागच्या हिवाळ्यात स्पर्धेचा प्रयोग होता. विधवा आईची भूमिका, जी मला हवी होती, ती तिच्याकडे. ती नेहमीसारखी मान वाकवून बसली. माझं बोट डबीपाशी गेलं आणि तिथेच थांबलं. मी ते कोरडंच तिच्या कानामागे टेकवलं.

"लागलं का?"

"लागलं."

दुसऱ्या अंकात एक मोठं भाषण होतं. तालमीत ती त्यात हमखास अडखळायची. मी विंगेत उभी राहून त्या जागेची वाट पाहत होते. ती अडखळली नाही. मुलाच्या शर्टाची घडी घालत तिने ते इतक्या हळू म्हटलं की सभागृहात कुणी खोकलंही नाही. अभिनयाचं बक्षीस घेऊन ती खाली आली आणि सगळ्यांदेखत माझा हात वर धरून म्हणाली, "हे याच्यामुळं!" लोकांनी माझ्या हातासाठी टाळ्या वाजवल्या. मी हसले. काय करणार होते?

या उन्हाळ्यात नवं नाटक आलं. त्यात शेजारीणच नव्हती, म्हणून मीही नव्हते. तरी पहिल्या प्रयोगाला बाहेरगावी, कळमेश्वरला चल, म्हणून ती मागे लागली. त्या दिवशी माझ्या भाचीचं लग्न होतं. मी नाही म्हटल्याचं मला बरंच वाटलं, खरं सांगते. तर दिग्दर्शकांचा फोन. "मॅडम, तुमच्या एका बोटापायी प्रयोग अडकून राहिला ना! त्या म्हणतात, तारीख बदला नाही तर दुसरी बाई पाहा."

मी तिच्या धरमपेठेतल्या घरी गेले. ती ब्लाउजला हूक लावत बसली होती. मी चहाही हातात न घेता सांगून टाकलं, की एकदा मी बोटाला रंगच लावला नव्हता.

"कोणत्या प्रयोगाले?"

"स्पर्धेच्या."

तिची सुई थांबली. "बक्षीस भेटलं, त्या?"

"हो."

"म्हंजे तो प्रयोग माझा होता वं," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "पुरा माझा." मग हळूहळू पुढचं तिच्या लक्षात आलं. "पण मंग लागलं म्हणून काहून सांगितलं?"

घरून निघताना मी कारणं जमवून आणली होती. घाई होती, विसरले, रंग संपला होता. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही.

"तू पडावीस म्हणून."

तिने हुकाला शेवटचा टाका घातला आणि दोरा तोडला. भांडली असती तर सोपं गेलं असतं. "चहा घे," ती म्हणाली, "थंडा होऊन राहिला."

कळमेश्वरचा प्रयोग ठरल्या तारखेलाच झाला. लग्नात मी पंगतीत बसून मांडीवरचा फोन पुन्हा पुन्हा पाहत होते. एवढं सगळं कबूल करून आल्यावरही मनात एकच होतं, की आज तरी तिचं काही चुकावं. मग दिग्दर्शकांचा निरोप आला: प्रयोग जोरात झाला, बाईंनी यावेळी कुणाला बोटही लावू दिलं नाही, मेकअपवाल्याआधी स्वतःच आरशापुढे जाऊन बसल्या.

मला आनंद झाला, असं इथे लिहिता आलं असतं. झाला नाही. तिचं नाटक मला कधी मिळणार नव्हतंच. पण त्यात माझ्या बोटापुरती जी जागा होती, तीही मी स्वतःच्या तोंडाने तिला देऊन आले होते.

आम्ही अजून बोलतो. तिचा फोन येतो, पण प्रयोग होऊन गेल्यावर. कसा झाला ते ती सांगते, आणि मी विचारते, टाळ्या कुठे पडल्या.