सोळाव्या दिवसाची खिरापत

हस्ताचा पाऊस ओसरून ऊन पिवळं पडू लागलं की पुण्यातल्या बायकांच्या अंगात सण संचारतो. कोणी दारासाठी झेंडू निवडते, कोणी कवठाच्या चटणीला गूळ फोडते, आणि वर्षभर एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या सगळ्या जणी एकाएकी गोड बोलू लागतात. मला त्या दिवसांत एकच गोष्ट आठवते: थोरल्या जाऊबाईंचा मी घेतलेला सूड. आता दात पडले, केस पिकले, पण तो राग जागच्या जागी आहे. राग धरून ठेवण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.

माझं माहेर धायरीचं. गावचं कुलकर्णपण आमच्या घरात, म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, मला अक्षरं गिरवायला शिकवली. बोलणं मात्र गावाचंच राहिलं. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा मी 'आहे'ला 'हाय' म्हणत असे. सासूबाई दिवसभर देवघरात, आणि घराच्या किल्ल्या थोरल्या जाऊबाईंच्या कमरेला. त्यांचे यजमान श्रीमंतांच्या पागेत कारकून, माझे दफ्तरात. पागेतला कारकून म्हणजे घोड्यांना दाणावैरण वेळेवर पडते का ते पाहणारा. पण जाऊबाई बोलू लागल्या की वाटे, भावजींच्या शब्दाशिवाय फौजेचं पाऊल उचलत नाही. त्यांच्या माहेरच्या चांदीच्या ताटांच्या गोष्टी आळीतल्या पोरींनाही पाठ होत्या. माझ्या तोंडून चुकून 'हाय' निघालं की त्या चारचौघींत म्हणत, "अगं, हाय खायला काय झालं एवढं?" आणि चौघी हसत. मी खाली मान घालून भाजी चिरत राही, पण कोण कोण हसलं ते मोजून ठेवी.

सूर्य हस्तात गेला की आमच्याकडे सोळा दिवस हादगा. मधल्या चौकात पाटावर तांदळानं हत्ती काढायचा आणि वर दोरीला सोळा प्रकारची फळं-भाज्या टांगायच्या. भोपळा, दोडका, कारलं, कवठ, डाळिंब, सीताफळ, ज्वारीचं कणीस, मिळेल ते. संध्याकाळी आळीतल्या मुली आणि नव्या सुना हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणत. मग खिरापत. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. प्रत्येक पदार्थ झाकून आणायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. आमच्या आळीचा आणखी एक नियम होता. एकीलाही ओळखता आलं नाही, तर ज्या घरी हादगा असेल तिथल्या थोरलीनं सगळ्यांच्या वतीनं 'हरले' म्हणायचं, आणि खिरापत करणारी जे मागेल ते द्यायचं. मागून मागणार काय, गजरा नाहीतर काचेच्या चार बांगड्या. पण आमच्या घरातून कोणी काही नेलं नव्हतं. जाऊबाईंचं नाक असं तिखट की ताटावरचं फडकं हलायच्या आत त्या म्हणत, "वाटली डाळ. मीठ कमी पडलंय."

माझ्या पहिल्या हादग्याला आबा धायरीहून पायी आले. डोक्यावर पाटी, पाटीत हत्तीसाठी सोळाच्या सोळा प्रकार. त्यातला भोपळा त्यांनी स्वतः परसात वाढवलेला, केशरी, घागरीएवढा. वाटेत ओढा ओलांडावा लागला म्हणून पाय चिखलानं भरले होते. चौकात आळीतल्या बायका जमल्या होत्या. मी पाणी आणायला वळले, तोच जाऊबाई पुढं झाल्या. त्यांनी भोपळ्याला दोन बोटं लावली आणि ती पदराला पुसली.

"आमचा हत्ती पुण्याचा आहे. त्याला असलं गावठी चालत नाही. गोठ्यात ठेवा, गाय खाईल," त्या म्हणाल्या. मग पायांकडे बघून, "आणि आपण बाहेर ओट्यावरच टेका. आत नुकतंच सारवलंय."

आबांनी पाटी खाली ठेवली. जाऊबाईंच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "बरं हाय," एवढंच बोलले आणि निघाले. बायका 'हाय' ऐकून हसल्या. मी आळीच्या टोकापर्यंत धावत गेले. आबा रागावलेले दिसत नव्हते, पण आवाज बदलला होता. "पोरी, त्या घरात मी आता येनार न्हाई. जिनं वाट दावली, तिनंच बोलवलं तर बघू."

घरी परतले तेव्हा आमचे यजमान पगडी काढून पान खात बसले होते. म्हणाले, "मोठ्या आहेत त्या. सोडून दे." मी सोडलं नाही. आबा दर पंधरवड्याला बाजाराच्या निमित्तानं यायचे, ते थांबले. त्या परक्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. भोपळा खरोखर गाईनं खाल्ला. मी गोठ्याच्या दारात उभी राहून शेवटच्या फोडीपर्यंत पाहिलं आणि ठरवलं, ही बाई स्वतःच्या तोंडानं माझ्या आबांना बोलावील, आणि आळीसमोर बोलावील.

दिवाळीला माहेरी गेले. आबा शेतावर असताना आईजवळ मनसोक्त रडले, जाऊबाईंचा उद्धार केला, चांदीच्या ताटांची नक्कल केली. आई ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"कसली चांदी? दुष्काळाच्या साली ती आन् तिची आई आपल्या दारात वाटी घेऊन हुबी असायची. ही एवढीशी होती. आपल्याकडं तरी काय होतं? हुलगं. त्याच्या पिठाचं पातळ माडगं करायचे मी, आन् तुझे आबा आपल्या वाटनीतलं निम्मं तिला घालायचे. हनुवटीखाली डाग हाय ना तिच्या? आपल्याच चुलीवर भाजली होती. पुढं तिच्या बापाला सरदाराकडं चाकरी लागली, दिवस पालटले. तुझ्या लग्नातच वळखलं आमी तिला."

"मग आबा बोलले का नाहीत त्या दिवशी?"

"त्येंनी मला शपथ घातलीया. पोटाला घातलेलं बोलून दावायचं न्हाई म्हंत्यात. तू बी बोलू नको. त्यांना कळलं तर माझ्याशी बोलायचे न्हाईत."

मी आईला वचन दिलं. देताना मनात दुसरंच शिजत होतं, हे खोटं कशाला सांगू?

एक कोडं मात्र उलगडलं. भावजींच्या पागेतून कधी कधी हुलग्यांची गोणी घरी येई. जाऊबाई ती उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. "घोड्यांचा दाणा माणसांच्या घरात नको," म्हणत आणि ती गोणी परभारे गड्याकडून वाटून टाकत. मला वाटे, हा मोठेपणाचा तोरा. तो तोरा नव्हता, धास्ती होती.

वर्षभर मी साखरेहून गोड वागले. जाऊबाईंचे पाय चेपले, 'आहे' म्हणायला शिकले, घारगे त्यांच्या हातासारखे लाटायला शिकले. त्या खूश. पुन्हा हादगा आला तेव्हा म्हणाल्या, "यंदा शेवटच्या दिवशी सोळावी खिरापत तू कर." मी लाजल्यासारखं केलं.

सोळाव्या दिवशी चौक फुलून गेला होता. कोथरूडच्या मळ्यातला झेंडू आणवून दारांना तोरणं केली होती, तोरणात भाताच्या लोंब्या ओवल्या होत्या. दोरीवरचं सीताफळ पिकून त्याचा वास सुटला होता. जाऊबाई आळीत बोलावणी करायला गेल्या असताना मागच्या पडवीत, सगळ्यांच्या नजरेआड, मी माहेराहून लपवून आणलेले हुलगे खमंग भाजले, जात्यावर दळले. पीठ पाण्यात कालवून आधणात सोडलं, गुठळी होऊ न देता ढवळत राहिले, मग गूळ, सुंठ, चवीपुरतं मीठ. माडगं गरिबांचं अन्न खरं, पण नीट केलं तर मऊ, तपकिरी, पोटात ऊब धरणारं होतं. मी ते फार मन लावून केलं. देवाच्या नैवेद्यालाही तितकं मन मी कधी लावलं नव्हतं.

गाणी झाली. पंधरा पदार्थ जाऊबाईंनी पंधरा श्वासांत ओळखले. लाह्यांचे लाडू, भोपळ्याचे घारगे, कवठाची बर्फी, करंज्या, सगळं. मग मी पातेलं आणलं. फडक्यातून वाफ निघत होती. जाऊबाई हसत पुढं वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. इतकं सुख मला पहिल्या मुलाच्या बारशालाही झालं नाही, हे आज सांगायला हरकत नाही.

"ओळखा ना, जाऊबाई."

बायका ओरडू लागल्या, "सोजी!", "खीर!", "सांजा!" मी प्रत्येकीला मान हलवून नाही म्हटलं. त्यांच्यातल्या एकीच्याही घरात हुलगा शिजला नव्हता. ज्यांना माहीत होतं, त्या जाऊबाई एकट्या गप्प होत्या. नाव घ्यावं तर वास ओळखीचा कसा, हे सांगावं लागणार. न घ्यावं तर हरणार. ही पेचातली मान मी वर्षभर डोळ्यांसमोर आणून झोपले होते.

"नाही येत मला," त्या शेवटी म्हणाल्या. "हरले."

इथं मी थांबायला हवं होतं. आबांचं बोलावणं मागून घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढं पुरे होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी फडकं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हुलग्याचं माडगं. पागेत घोडे खातात ते. लहानपणी आमच्या धायरीच्या दारात वाटी घेऊन उभ्या असायचात तेव्हा तर लांबून ओळखायचात."

जाऊबाईंचा हात हनुवटीकडे गेला आणि डाग झाकून तिथंच राहिला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. मी माझं मागणं मागितलं. दसऱ्याला माझ्या आबांना जाऊबाईंनी स्वतः बोलवायचं, पाट-रांगोळी करून, आत, देवघराशेजारी जेवायला बसवायचं. त्यांनी मान डोलावली.

बोललेलं त्यांनी केलं. भावजींच्या हाती अक्षत धाडली. दसऱ्याला आबा आले, धुतलेलं धोतर, हातात आपट्याची पानं. जाऊबाईंनी त्यांच्या पायांवर स्वतः पाणी घातलं. पाटाभोवती अशी बारीक रांगोळी काढली की सासूबाई जप थांबवून पाहायला आल्या. नव्या तांदळाचा भात, वरण, अळूची भाजी, घारगे. "आबा, तूप घ्या," त्या म्हणत होत्या, आणि आबा लेकीच्या घरी बसल्यासारखे जेवत होते. मी खांबाशी उभी होते. मला वाटलं, माझी कर्तबगारी यांना कळायला नको? मी हसत हसत सगळं सांगितलं. हुलगे कसे भाजले, बायका कशा चकल्या, मी काय बोलले.

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जाऊबाईंकडे पाहिलं.

"समद्यांम्होरं बोलली ही?"

"नाही, आबा," जाऊबाई म्हणाल्या. "खेळात हरले मी, एवढंच झालं."

माझी बाजू राखायला ती बाई खोटं बोलली. तो राग तर अजून वेगळा आहे माझा.

आबांनी मला विचारलं, "खरं काय?" त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. खरं सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि उठले. दारापर्यंत मी मागं गेले. म्हटलं, "आबा, तुमच्यासाठीच केलं ना मी? तुम्हांला हाकललं होतं तिनं!"

"तिनं हाकललं तवा मला लाज वाटली न्हाई," ते म्हणाले. "आज वाटली."

त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलणारं घरात कोणी नव्हतं, आणि मला कोणी नकोही होतं. पुढं आबा पुष्कळ वर्षं जगले. मी धायरीला गेले की बोलत, नातवंडांना खांद्यावर घेत, आईवर मात्र महिनाभर रुसून होते. पुण्याला ते पुन्हा आले नाहीत. बोलावण्याची सोयच उरली नव्हती. जिनं बोलवायचं, तिनं बोलावून झालं होतं.

जाऊबाई दर दसऱ्याला भावजींबरोबर छकड्यातून धायरीला जाऊ लागल्या. आपट्याची पानं देऊन आबांच्या पाया पडत. मीही जात असे, त्याच छकड्यात, शेजारी बसून. पंगत मांडली की आबा स्वतः वाढायला उठत आणि भाताची पहिली मूद जाऊबाईंच्या पानात घालत, माझ्या पानात दुसरी.